खोटा दाखला आणि समुद्रात बुडालेले उपग्रह

२४ फेब्रुवारी २००९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग तळावरून ‘टॉरस एक्सएल’ जातीचा एक अग्निबाण आकाशात झेपावला. त्याच्या शिरोभागी ‘ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्वेटरी’ नावाचा उपग्रह होता. पृथ्वीच्या वातावरणात कर्बद्विप्राणिल वायू कोठून येतो आणि कोठे शोषला जातो, याचा हिशोब मांडण्यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे खपून तो सिद्ध केला होता. उड्डाणानंतर काही मिनिटांतच उपग्रहाभोवतीचे संरक्षक कवच दुभंगून गळून पडावयाचे होते. ते पडलेच नाही. त्या निरुपयोगी झालेल्या भाराने अग्निबाणाचा वेग अपुरा पडला आणि उपग्रह कक्षेत जाण्याऐवजी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात जाऊन कोसळला.

चौकशी झाली. ज्या भागांबद्दल संशय होता त्यांत फेरफार करण्यात आले. दोन वर्षांनी, ४ मार्च २०११ रोजी, त्याच जातीच्या अग्निबाणावरून ‘ग्लोरी’ हा दुसरा उपग्रह सोडण्यात आला. सूर्यापासून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा आणि वातावरणातील सूक्ष्म कण यांचे मोजमाप हे त्याचे कार्य होते. याही वेळी कवच उघडले नाही आणि ‘ग्लोरी’ने दक्षिण प्रशांत महासागराचा तळ गाठला. या दोन अपघातांत अमेरिकेच्या ‘नासा’ या सरकारी अवकाश संस्थेचे ७० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. पहिल्या उपग्रहाची प्रतिकृती तयार होऊन ती अवकाशात जाण्यास जुलै २०१४ उजाडला. पैसा पुन्हा उभा करता येतो. परंतु जी मोजमापे त्या पाच वर्षांत व्हावयाची होती ती कायमचीच हुकली. वातावरण कोणासाठी थांबत नाही.

तुटण्यासाठी केलेला सांधा

कवच का उघडले नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास कित्येक वर्षे लागली. आणि जे उत्तर मिळाले ते विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा फौजदारी न्यायालयाच्या दप्तरात शोभावे असे होते.

अशा कवचाचे दोन अर्ध एका विशिष्ट सांध्याने जोडलेले असतात. सामान्यतः सांधा मजबूत असावा, तो तुटू नये, अशी आपली अपेक्षा असते. या सांध्याचे इंगित नेमके उलटे आहे. उड्डाणाचा सारा ताण त्याने सोसावयाचा आणि ठरल्या क्षणी आतल्या लहानशा स्फोटाबरोबर संपूर्ण लांबीवर एकदम तुटावयाचे. म्हणून तो ज्या ॲल्युमिनियमचा बनवावयाचा त्याचे गुणधर्म काटेकोर असावे लागतात. धातू किती ताणला असता तुटेल, हे अगोदर निश्चित ठाऊक असेल तरच सांध्याचा भरवसा धरता येतो. हे ठरविण्याची रीत जुनी आणि साधी आहे. धातूचा नमुना कापावयाचा, तो यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणावयाचा आणि यंत्राने दाखविलेला आकडा दाखल्यावर लिहावयाचा.

हा आकडाच खोटा होता. सांध्यासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ऑरेगन राज्यातील ‘सापा प्रोफाइल्स’ या कंपनीने पुरविल्या होत्या. नासाच्या प्रक्षेपण विभागाची तांत्रिक चौकशी आणि तिच्याबरोबर चाललेला नासाच्या महानिरीक्षकांचा व अमेरिकी न्यायखात्याचा तपास यांतून असे उघडकीस आले, की १९९६ ते २०१५ अशी एकोणीस वर्षे या कंपनीत चाचण्यांचे निकाल बदलण्याचा उद्योग चालू होता. जे नमुने परीक्षेत नापास होत त्यांचे आकडे खोडून पास होण्याजोगे आकडे लिहिले जात. चाचणीची यंत्रे नियमापेक्षा अधिक वेगाने चालविणे, नमुने नियमाविरुद्ध कापणे, असे प्रकारही होत. अशा रीतीने हजारो खोटे दाखले शेकडो ग्राहकांच्या हाती पडले. त्या ग्राहकांत नासा होती आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याची क्षेपणास्त्रविषयक संस्थाही होती. दोन्ही उपग्रहांच्या ऱ्हासाचे मूळ या सदोष पट्ट्यांत आहे, असा निष्कर्ष नासाने ३० एप्रिल २०१९ रोजी जाहीर केला.

या प्रकरणातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की यात कोणी मोठा कट रचला नव्हता. कोणी परकी हेर नव्हता. कारखान्यातील कामगारांच्या बोनसचा संबंध उत्पादनाशी जोडलेला होता. माल परत गेला की बोनस घटे आणि मालाच्या दर्जातील चढउतारही उघडे पडत. तेव्हा एक आकडा बदलला, मग दुसरा बदलला आणि पुढे आकडे बदलणे हीच कामाची रीत होऊन बसली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने नापासाला पास करावे आणि त्या गुणपत्रिकेच्या बळावर तो विद्यार्थी पुढे पूल बांधावयास जावा, त्यातलाच हा प्रकार. पूल ज्या दिवशी कोसळतो त्या दिवशी गुणपत्रिका कोणाला आठवत नाही.

कायद्याने दिलेला पहारेकरी

अवकाश संस्थेसारखी मोठी संस्था आपल्या हातांनी फार थोड्या वस्तू घडवीत असते. नासाच्या खर्चापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम कंत्राटदारांकडे जाते. त्या कंत्राटदारांचे उपकंत्राटदार असतात, उपकंत्राटदारांना धातू पुरविणारे वेगळे असतात. या साऱ्या साखळीला बांधून ठेवणारा दुवा म्हणजे दाखला. प्रत्येक पट्टी पुन्हा तोडून पाहणे कोणालाच शक्य नसते. म्हणून वरचा खालच्याच्या सहीवर विश्वास टाकतो. हा विश्वास आंधळा राहू नये यासाठी कोणी तरी अधूनमधून त्या सहीच्या मागे डोकावून पाहणे आवश्यक ठरते.

हे काम कोणी करावे? संस्थेच्या प्रमुखाने नेमलेल्या अधिकाऱ्याने ते केले तर तो प्रमुखाला अडचणीत आणील काय, हा प्रश्न उरतो. पूर्णपणे बाहेरच्या माणसावर सोपविले तर त्याला आतल्या कपाटांच्या किल्ल्या मिळत नाहीत. अमेरिकेने या पेचातून जो मार्ग काढला तो १९७८ च्या महानिरीक्षक अधिनियमाचा. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १२ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यावर स्वाक्षरी केली आणि बारा सरकारी खात्यांत व संस्थांत महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. त्या बारांत नासा होती.

या पदाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. महानिरीक्षकाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतो. ती पक्ष न पाहता केवळ सचोटी आणि पात्रता पाहून व्हावी, असे कायदाच सांगतो. महानिरीक्षक संस्थेच्या प्रमुखाच्या सर्वसाधारण देखरेखीखाली असतो खरा. परंतु एखादी तपासणी वा चौकशी सुरू करण्यापासून प्रमुख त्याला रोखू शकत नाही. त्याला संस्थेचे दप्तर खुले असते आणि संस्थेबाहेरच्या कंत्राटदारांचे कागद मागविण्याचा हक्कही असतो. वर्षातून दोनदा त्याचा अहवाल काँग्रेसपुढे जातो. प्रमुखाने त्यावर आपले मत जोडावे, पण अहवालातील मजकुराला हात लावू नये. प्रकरण अतिशय गंभीर असेल तर महानिरीक्षकाने कळविल्यापासून सात दिवसांच्या आत ते काँग्रेसपुढे ठेवणे प्रमुखावर बंधनकारक आहे. हिशेब तपासणारे आणि गुन्ह्याचा माग काढणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच छपराखाली त्याच्या हाताशी असतात. हिशेबनिसाला जमाखर्चात विसंगती दिसली तर ती फाईल दुसऱ्या खात्याकडे पाठवून वर्षानुवर्षे उत्तराची वाट पाहण्याचे कारण त्याला उरत नाही.

कंत्राटदाराच्या लबाडीशी झगडण्यासाठी अमेरिकी सरकारच्या हाती याहूनही जुने एक शस्त्र आहे. यादवी युद्धाच्या काळात सैन्याला निकृष्ट माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांना वेसण घालण्यासाठी लिंकन यांच्या कारकीर्दीत १८६३ साली खोट्या मागण्यांविरुद्धचा कायदा झाला. तो आजही वापरात आहे. सैन्याला पुरविलेला निकृष्ट माल आणि उपग्रहाच्या कवचातील निकृष्ट ॲल्युमिनियम यांत दीड शतकाचे अंतर असले, तरी ठकविण्याची वृत्ती तीच आहे.

उपयोग किती?

असा पहारेकरी ठेवून साधते काय, असे कोणी विचारील. नासाचा वार्षिक खर्च अलीकडच्या वर्षांत सुमारे २,५०० कोटी डॉलर राहिला आहे. महानिरीक्षकांच्या कार्यालयावरचा खर्च त्यातील ५ कोटींच्या आसपास, म्हणजे शंभर डॉलरांमागे वीस सेंट एवढाच असतो. एवढ्या खर्चात या कार्यालयाने केलेली कामे तऱ्हेतऱ्हेची आहेत. १९९८ साली त्याच्या गुप्त तपासनिसांनी गिऱ्हाईक असल्याची बतावणी करून एक चंद्रशिला हस्तगत केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी होंडुरास देशाला सदिच्छेची भेट म्हणून दिलेली ही शिला तेथून नाहीशी होऊन ५० लाख डॉलरांना विक्रीस निघाली होती. पुढे ती होंडुरासला परत करण्यात आली.

याहून महत्त्वाचे काम म्हणजे संस्थेला नको असलेले आकडे लोकांपुढे मांडण्याचे. चंद्रावर पुन्हा माणूस उतरविण्याच्या ‘आर्टेमिस’ योजनेवर २०२५ च्या आर्थिक वर्षापर्यंत ९,३०० कोटी डॉलर खर्च होतील, असे महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात दाखवून दिले. पहिल्या काही उड्डाणांपैकी प्रत्येकाला ४१० कोटी डॉलर पडतील, असेही त्यात म्हटले होते. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन महानिरीक्षक पॉल मार्टिन यांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना हा खर्च पेलण्याजोगा नाही असे स्पष्ट सांगितले. ऑगस्ट २०२४ च्या अहवालात आणखी एक उदाहरण आले. अग्निबाणाला आधार देणाऱ्या फिरत्या मनोऱ्याचे मूळ कंत्राट ३८ कोटी ३० लाख डॉलरांचे होते. त्या मनोऱ्याचा खर्च २७० कोटींपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज त्यात वर्तविला होता. ज्या संस्थेची कीर्ती जगभर आहे, तिच्याच एका कार्यालयाने तिच्याविषयी असे लिहावे आणि ते कोणीही वाचू शकावे, ही लोकशाहीतील लहान गोष्ट नव्हे.

तथापि या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे पाहावयास हव्यात. ॲल्युमिनियमच्या प्रकरणात लबाडी एकोणीस वर्षे चालू राहिली, हे विसरून चालणार नाही. चौकशीचे घोडे वरातीमागून आले. प्रयोगशाळेतील पर्यवेक्षकाला तीन वर्षांची कैद झाली आणि कंपनीने ४ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एकट्या नासाचेच नुकसान ७० कोटींहून अधिक. त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढी ही रक्कम, आणि तीही नासाला एकटीला नव्हे तर इतर पीडितांबरोबर वाटून. शिक्षेने नुकसान भरून निघत नाही. ती फार तर पुढच्याला धाक घालते. आणि तो धाकसुद्धा पकडले जाण्याची शक्यता खरी असेल तरच बसतो.

कुंपण आणि शेत

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. पहारेकरी स्वतंत्र असावा असे कायद्याने म्हटले तरी पहारेकरी हा माणूस असतो. नासात २००२ ते २००९ या काळात महानिरीक्षक असलेले रॉबर्ट कॉब यांच्यावर, ते संस्थेच्या प्रमुखांच्या फारच निकट वावरतात, असा आक्षेप आला. महानिरीक्षकांच्याच वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीने २००७ साली त्यांच्यावर अधिकाराच्या गैरवापराचा आणि स्वातंत्र्याविषयी शंका यावी अशा वागणुकीचा ठपका ठेवला. त्यांनी तो अमान्य केला. काँग्रेसच्या सदस्यांनी त्यांना दूर करण्याची मागणी केली, तरी ते पदावर राहिले आणि अखेर एप्रिल २००९ मध्ये पायउतार झाले. तपासणाऱ्याने ज्याला तपासावयाचे त्याच्याच पंक्तीला बसावे, यातून गुन्हा सिद्ध होत नसेल. पण जेवणाऱ्याच्या ताटाकडे तो मग कठोर नजरेने पाहू शकत नाही, हे कोणीही जाणतो.

याच्या उलट बाजूचा धोकाही आहे. पहारेकरी कुत्रा भुंकू लागला की मालकाने त्यालाच हाकलून द्यावे, हा तो धोका. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८१ मध्ये सत्तेवर येताच सर्व महानिरीक्षकांना दूर केले. टीका झाल्यावर त्यांतील काहींना परत घेतले. त्यानंतर दीर्घ काळ असा संकेत रूढ झाला, की सरकार बदलले तरी महानिरीक्षक बदलावयाचे नाहीत. २००८ साली कायद्यात भर पडली. महानिरीक्षकाला काढावयाचे तर काँग्रेसला ३० दिवस आधी लेखी कारणे कळविली पाहिजेत, असे बंधन आले. २०२२ च्या दुरुस्तीने ती कारणे तपशीलवार असावीत असेही ठरले. असे असूनही राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २४ जानेवारी २०२५ रोजी निरनिराळ्या खात्यांतील सुमारे सतरा महानिरीक्षकांना एका रात्रीत बडतर्फ केले. नासात चौदा वर्षे हे काम करून परदेशी मदतीच्या संस्थेत गेलेले पॉल मार्टिन यांनाही पुढील महिन्यात निरोप मिळाला. मदत थांबविण्याच्या परिणामांवर टीका करणारा त्यांच्या कार्यालयाचा अहवाल त्याच्या आदल्याच दिवशी बाहेर पडला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने जानेवारीतील बडतर्फी कायद्याचा भंग करणारी होती असे म्हटले, परंतु संबंधितांना पुन्हा पदावर बसविण्यास नकार दिला. कायद्याचा भंग झाला हे सिद्ध व्हावे आणि तरीही परिणाम तोच राहावा, यावरून कागदावरील संरक्षण किती पातळ असते ते कळते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. अवकाशविज्ञान हे धाडसाचे क्षेत्र आहे. तेथे पावलोपावली हिशेबनीस उभा केला तर शास्त्रज्ञ काम करावयाचे सोडून खुलासे लिहीत बसतील, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण धाडस आणि बेफिकिरी यांत अंतर आहे. नवा अग्निबाण फुटला तर तो विज्ञानाचा धडा ठरतो. जुन्या कसोटीवर नापास झालेला धातू पास दाखवला म्हणून अग्निबाण कोसळला तर तो धडा नव्हे, ती फसवणूक होय. महानिरीक्षकाने पहिल्यात लुडबुड करू नये आणि दुसऱ्याला सोडू नये, एवढीच अपेक्षा आहे. खरे पाहता प्रामाणिक शास्त्रज्ञाला त्याचा जाच होण्याचे कारण नाही. ‘ग्लोरी’वर काम करणाऱ्यांच्या परिश्रमांचे मातेरे शास्त्रज्ञांच्या चुकीने झाले नव्हते, ते त्यांना कधीही न भेटलेल्या एका कारखान्यातील लेखणीने केले.

आपल्याकडील घडी

भारताच्या वाचकाने या साऱ्याकडे परक्याच्या घरचे भांडण म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपल्या राज्यघटनेने १४८ व्या अनुच्छेदाने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच त्याला पदच्युत करणे अवघड करून ठेवले. या बाबतीत आपला पहारेकरी अमेरिकेच्या महानिरीक्षकापेक्षा अधिक सुरक्षित आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. महालेखापरीक्षक दोष दाखवितो. गुन्ह्याचा तपास तो करीत नाही. तो दुसऱ्याच यंत्रणेने करावयाचा.

अवकाश विभागाची अँट्रिक्स ही व्यापारी कंपनी आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यात २८ जानेवारी २००५ रोजी झालेल्या कराराचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तो करार सरकारने फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द केला. त्यातील नियमभंगावर कोरडे ओढणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१२ साली आला. केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला तो २०१५ साली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवास कंपनी फसवणुकीच्या कारणावरून गुंडाळण्याचा निर्णय उचलून धरला. परदेशी लवादांचे निवाडे मात्र भारताच्या विरुद्ध गेले. करारापासून या निकालापर्यंत सतरा वर्षे लोटली. पहारा होता, पण पाहणारा, धरणारा आणि शिक्षा देणारा यांच्यामध्ये प्रत्येकी काही वर्षांचे अंतर होते. तपासणी आणि तपास यांची सांगड घालणारे, संस्थेच्या आत बसूनही संसदेला उत्तरदायी असणारे एखादे पद आपल्या मोठ्या वैज्ञानिक संस्थांना असावे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

अर्थात कोणतीही रचना केली तरी ती अखेर एका मेजापाशी येऊन थांबते. त्या मेजावर यंत्राने दाखविलेला आकडा असतो, कोरा दाखला असतो आणि लेखणी हातात धरलेला एक साधा नोकर असतो. आकडा जसा आहे तसा लिहिल्याबद्दल त्याचा बोनस बुडणार नाही, वरिष्ठ त्याच्यावर डोळे वटारणार नाही आणि त्याने वटारलेच तर तक्रार ऐकून घेणारे एखादे दार संस्थेत उघडे असेल, एवढी हमी त्याला हवी. स्वतंत्र पहाऱ्याचे खरे प्रयोजन हेच होय. चोराला पकडणे हे त्याचे दुसरे काम. प्रामाणिक माणसाला एकटे पडू न देणे हे पहिले. ज्या कारखान्यात ते दार एकोणीस वर्षे कोणाला सापडले नाही, त्याची किंमत दोन उपग्रहांच्या रूपाने समुद्राच्या तळाशी पडून आहे.